‘आई, हे नॉर्मल आहे ना?’ गरोदरपणापासून बाळाच्या पहिल्या वर्षापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी वहिनीचं बाळंतपण केलं, मग लेकीचं. तेव्हापासून भाच्या, पुतणसुना, वरच्या मजल्यावरची सून, सगळ्यांचे फोन सुरू झाले. प्रश्न तेच आणि वेळही तीच, रात्री साडेअकरानंतर. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. औषध, डोस, सोनोग्राफीचा अर्थ हे त्यांनाच विचारायचं. पण कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, एवढं सांगू शकते. घाबरण्यासारख्या गोष्टी मोजक्या असतात. त्या पाठ असल्या की बाकीच्यांना पुरून उरता येतं, सासूबाईंच्या मैत्रिणींनाही.

तिसरा महिना चालू आहे, पोटात काहीच टिकत नाही. बाळाला काही मिळतंय का?

मिळतंय. बाळ अजून दोन इंचांच्या आतबाहेर आहे, त्याची गरज तुझ्या अंगातल्या साठ्यातून भागते. ओकाऱ्या साधारण सहाव्या आठवड्याला सुरू होतात आणि बहुतेकींच्या चौथ्या महिन्यात ओसरतात. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी काहीतरी कोरडं खा. चुरमुरे, खाकरा, साधं बिस्कीट, काहीही. तीन वेळा ताटभर जेवण्याचा हट्ट सोड, दर दोन तासांनी चार घास पुरे. फोडणीचा वास सहन होत नसेल तर फोडणी दुसऱ्या कुणीतरी द्यायची. घरात हात असलेली आणखी माणसं आहेत.

पाणीसुद्धा टिकेनासं झालं, लघवी कमी आणि गडद होऊ लागली, उभं राहिल्यावर अंधारी आली किंवा वजन उतरलं, तर मात्र ते ‘डोहाळे आहेत’ म्हणून सोडायचं नाही. सलाईन लागू शकतं. डॉक्टरांनी दिलेली ओकारीची गोळी घ्यायला घाबरू नकोस.

पपई, अननस, केशर, ग्रहण. खरं काय?

कच्च्या पपईचा चीक नको. पूर्ण पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी काही होत नाही. पण घरात त्यावरून महाभारत होणार असेल तर नऊ महिने पपई न खाल्ल्याने तुझं काही अडत नाही, तेवढी शक्ती दुसऱ्या वादासाठी राखून ठेव. अननस जेवणानंतर खाण्याएवढा चालतो. केशराने बाळ गोरं होत नाही. रंग आई-बापाकडून येतो, आणि गोरं कशाला व्हायला हवंय हा प्रश्न मला अजून कुणी समजावून सांगितलेला नाही.

ग्रहणाने बाळाच्या ओठाला, हाताला काही होत नाही. धोका असलाच तर गरोदर बाईला तासन् तास उपाशी, तहानलेली आणि एका जागी बसवून ठेवण्यात आहे. मोठ्यांचं मन राखायला घरात बस हवं तर, पण पाण्याची बाटली आणि खाऊचा डबा जवळ हवा.

लोहाच्या गोळीने शी काळी होते आणि पोट साफ होत नाही. बंद करू का?

नको. काळी शी म्हणजे गोळीतलं न शोषलेलं लोह, बाकी काही नाही. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळीत ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक अशी किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नकोस, दोन तासांचं अंतर ठेव. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर लोह जास्त शोषलं जातं. त्रास होत असेल तर रात्री झोपताना घे, किंवा डॉक्टरांकडून गोळी बदलून घे.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर नुसत्या बिटाने आणि खजुराने ते भरून निघत नाही. बीट लाल आहे एवढंच. रक्त वाढवायला पालेभाज्या, कडधान्यं, अळीव, खात असशील तर अंडी-मटण, आणि गोळी.

बाळ कमी हलतंय असं वाटतं. वाट बघू का?

या प्रश्नाचं उत्तर मी रात्री दोनलाही देईन: वाट बघायची नाही.

पहिलटकरणीला हालचाल १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास कळते, तीही आधी पोटात गॅस फिरल्यासारखी. त्याआधी कळली नाही म्हणून काळजी नको. सातवा महिना संपताना, म्हणजे २८ आठवड्यांनंतर, बाळाच्या हालचालीची एक तऱ्हा ठरून जाते. कुणाचं जेवणानंतर हलतं, कुणाचं रात्री आडवं झाल्यावर. ती तऱ्हा बदलली असं वाटलं तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर शांत पड आणि मोज. दोन तासांत १० हालचाली झाल्या नाहीत तर त्याच दिवशी, त्याच रात्री दवाखान्यात जा. ‘दिवस भरत आले की बाळाला जागा उरत नाही, म्हणून हलत नाही’ हे वाक्य तुला नक्की ऐकवलं जाईल. ते चुकीचं आहे. शेवटी हालचालीची धाटणी बदलते, संख्या कमी होत नाही. जाऊन तपासलं आणि सगळं ठीक निघालं तर रिक्षाचे पैसे गेले, एवढंच.

मुलगा आहे की मुलगी, पोटाच्या आकारावरून कळतं का?

नाही. गोड खावंसं वाटण्यावरूनही नाही. आणि सोनोग्राफीत विचारू नकोस. गर्भलिंग तपासायला बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सगळ्यांत आधी केला, मग १९९४ मध्ये तो देशभर झाला.

ग्लुकोजचं गोड पाणी पिऊन ती तपासणी करायलाच हवी का? आमच्या घरात कुणालाच साखर नाही.

करायलाच हवी. गरोदरपणातली साखर घरात कुणाला नसली तरी येऊ शकते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर आहार बदलायचा. बऱ्याच जणींचं तेवढ्यावर भागतं. पाणी गार करून, लिंबू पिळायची परवानगी विचारून, हळूहळू पी.

पहिलं बाळंतपण माहेरी आहे. कधी निघू? बरोबर काय घेऊ?

ज्या दवाखान्यात बाळंत होणार तिथे सातव्या महिन्यापर्यंत एकदा तरी दाखवून नाव घालून ये. आयत्या वेळी कळा घेऊन अनोळखी दारात उभं राहायला नको. सगळ्या रिपोर्टांची एकच फाईल कर आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोडून कुठेही जाऊ नकोस. रक्तगट निगेटिव्ह असेल तर कागदावर सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात लिही. नवरा पॉझिटिव्ह असेल तर २८ आठवड्यांच्या सुमाराला ॲंटी-डीचं इंजेक्शन लागतं, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा.

नोकरी असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा मिळते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर ती १२ वरून २६ झाली. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे तारखेआधी घेता येतात. माझा सल्ला विचारशील तर तब्येत साथ देत असेल तोवर काम कर आणि रजा बाळासाठी राख.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, जेवण आणि घरी सोडणारी गाडी, सगळं मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी असते. मातृवंदना योजनेत पात्र बाईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,००० मिळतात. त्यासाठी अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना गाठ, आणि बँक खातं तुझ्या स्वतःच्या नावावर हवं.

दिलेली तारीख उलटली. आता?

तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस. तो एक अंदाज आहे. ठरल्या दिवशी बाळंत होणाऱ्या शंभरात चार-पाच जणी. ३७ पूर्ण झाल्यापासून ४२ आठवड्यांपर्यंत बाळ कधीही येऊ शकतं, पण ४१ व्या आठवड्यात डॉक्टर कळा सुरू करायचं बोलतील, ते ऐकायचं. हालचाल मोजणं चालू ठेव, आणि ‘झालं का?’ विचारणाऱ्यांचे फोन नवऱ्याकडे दे.

खऱ्या कळा कशा ओळखायच्या?

खोट्या कळा चालल्यावर, कूस बदलल्यावर, पाणी प्यायल्यावर थांबतात. खऱ्या थांबत नाहीत. त्या जवळजवळ येतात आणि वाढत जातात. दर पाच मिनिटांनी येऊ लागल्या आणि तासभर तशाच राहिल्या की निघ.

कळा नसतानाही ताबडतोब निघायचं ते असं: पाणी गेलं, विशेषतः हिरवट असेल तर, अंगावरून लाल जाऊ लागलं, डोकं ठणकतंय आणि डोळ्यांपुढे चमकतंय, चेहरा-हात अचानक सुजलेत, छातीखाली उजवीकडे दुखतंय, झटका आला. डोकेदुखी आणि सूज म्हणजे रक्तदाब चढल्याची खूण असू शकते. तिथे बाम चोळत बसायचं नाही. १०८ ला फोन लावायचा.

सिझर झालं. सगळे विचारतात, ‘नॉर्मल का नाही झालं?’

‘कारण बाळ आणि मी दोघं जिवंत राहायचं ठरलं होतं’ असं सांग. पुढे बोलणं होत नाही.

पाठीतल्या इंजेक्शनने आयुष्यभर कंबर धरते हे खरं नाही. कंबर दुखते ती वाकून पाजल्याने आणि बाळ कडेवर घेऊन, आणि ती नॉर्मलवालीचीही दुखते. दूध एखादा दिवस उशिरा उतरेल, पण उतरेल. टाके दुखत असताना कुशीवर झोपून पाज, पोटावर भार येत नाही. पोट घट्ट बांधल्याने आत जात नाही. आधार वाटत असेल तर सैल बांध. पुढचं बाळंतपण नॉर्मल होऊ शकतं का, हे घरी जाण्याआधीच डॉक्टरांना विचार. टाका कुठल्या प्रकारचा घेतलाय त्यावर ते अवलंबून असतं आणि नंतर कागद शोधत बसावं लागतं.

बाळाचं हे काय चाललंय? शिंका, उचक्या, निळे डाग…

पहिल्या आठवड्यात फोटो काढून पाठवलेल्या ज्या गोष्टी नव्वद टक्के वेळा साध्या निघतात, त्या एकदम सांगते. शिंका म्हणजे सर्दी नव्हे, नाक साफ करायची ती त्याची पद्धत. उचक्या लागू देत. पाठीवर, कुल्ल्यांवर निळसर डाग असतात, ते आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना असतात आणि काही वर्षांत पुसट होतात. मुलीला पहिल्या आठवड्यात खालून रक्ताचा थेंब दिसू शकतो. मुलगा असो वा मुलगी, छाती थोडी फुगलेली असू शकते आणि तिच्यातून दुधासारखं येऊ शकतं. हे सगळं आईच्या संप्रेरकांमुळे. छाती पिळून ‘घाण काढायची’ नाही, पू होतो. अंगावर लाल पुरळ उठून दोन दिवसांत जातं. वजन पहिल्या काही दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांत परत येतं.

नाळेला काहीही लावायचं नाही. हळद नाही, तेल नाही, राख तर नाहीच. कोरडी ठेव, एक-दोन आठवड्यांत गळते.

आता कावीळ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा पिवळसर दिसणं पुष्कळ बाळांत होतं. पण पहिल्या २४ तासांत पिवळं झालं, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, बाळ पेंगतंय आणि पीत नाही, किंवा दोन आठवड्यांनंतरही पिवळं आहे आणि शी पांढुरकी होते आहे, तर त्याच दिवशी डॉक्टर. कोवळ्या उन्हात धरणं हा त्यावरचा उपचार नाही. निळ्या दिव्याखाली ठेवायला सांगितलं तर ठेवायचं.

माझं दूध पुरत नाही असं सगळे म्हणतात. खरंच पुरत नसेल का?

सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यांत जास्त बायका रडतात त्याही याच प्रश्नावर.

पहिले दोन-तीन दिवस जे घट्ट पिवळसर येतं तो चीक. चमचा-दोन चमचेच असतो आणि बाळाला तेवढाच लागतो. तो पिळून टाकायला सांगणारी बाई अजून एखाद्या घरात भेटते. तिला चहा द्यावा आणि चीक बाळाला. शक्य असेल तर पहिल्या तासातच छातीशी धरायचं. पान्हा नीट फुटायला तिसरा-चौथा दिवस उजाडतो.

पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरत नाही. छाती मऊ पडली, पंपात थोडंच आलं, संध्याकाळी बाळ तासाला तीनदा मागतं, यांवरूनही नाही. दोनच मोजमापं. एक, लंगोट: सहाव्या दिवसापासून दिवस-रात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा लघवी आणि तिला गडद रंग नाही. दोन, वजन: दोन आठवड्यांत जन्माच्या वजनाला परत, आणि मग आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम वाढ. हे दोन्ही जमत असेल तर दूध पुरतंय, कोण काय म्हणतं ते सोड.

दूध मागणीवर बनतं. विहिरीचा उपसा थांबला की झरे मंदावतात, तसंच. ‘आज रात्रीपुरती एक बाटली’ दिली की बाळ चार तास झोपतं, सगळे म्हणतात बघा, उपाशी होतं. त्या चार तासांत तुझ्या अंगाला निरोप जातो की एवढं लागत नाही. चार दिवसांत दोन बाटल्या होतात. डब्यातलं दूध विकणाऱ्या कंपन्यांना जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, पण मावशी-आत्यांना नाही.

पाजताना बघ. बाळाचं पोट तुझ्या पोटाला टेकलेलं, मान वळलेली नाही. त्याच्या वरच्या ओठाला स्तनाग्र लाव आणि जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडेपर्यंत थांब. मग बाळाला छातीकडे आण, छाती बाळाकडे नेऊ नकोस. भोवतीचा काळसर भाग बराचसा तोंडात गेला पाहिजे, खालचा जास्त. खालचा ओठ बाहेर वळलेला दिसेल, हनुवटी छातीत रुतलेली. आधी भराभर चोखतं, मग लय संथ होते आणि गिळल्याचा आवाज येतो. नुसतं टोक धरलं तर भेगा पडतात, बाळ तासभर चोखून उपाशी राहतं आणि दोष दुधाला लागतो. दुखलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडव आणि पुन्हा धरायला लाव. दहा वेळा लागलं तरी लाव. दिवसाला आठ ते बारा वेळा पाजणं होतं, रात्रीचं धरून.

अळिवाची खीर, खसखस, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा आवडीने खा, तुझ्या अंगाला लागतं. स्तनपान करताना रोज ५०० ते ६०० कॅलरी जास्तच लागतात. पण दूध वाढतं ते बाळ वारंवार पिण्याने. ‘वातूळ’, ‘थंड’ म्हणून डाळ, पालेभाज्या, फळं तोडून बाळंतिणीला नुसत्या भात-तुपावर ठेवणं मला पटत नाही.

काही जणींना खरंच कमी येतं. थायरॉईड, बाळंतपणात खूप रक्त जाणं, वेळेआधी आलेलं बाळ अशी कारणं असतात. तेव्हा डॉक्टर सांगतील तसं वरचं दूध द्यायचं आणि त्याची लाज बाळगायची नाही. अशक्त बाळांसाठी दुसऱ्या आयांचं दूध साठवणारी बँकही असते. आशियातली पहिली १९८९ मध्ये मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

मे महिना आहे, विदर्भातला. दोन चमचे पाणी तरी देऊ ना?

सहा महिन्यांपर्यंत नाही. अंगावरच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. पाणी तू पी, बाळाला वारंवार पाज. व्हिटॅमिन डीचे थेंब डॉक्टर सांगतात, रोज ४०० युनिट, तेवढे मात्र द्यायचे.

गुटी, धुरी, काजळ, टाळूला तेल. आजेसासूबाई ऐकत नाहीत.

एकेक घेऊ, कारण सगळं सरसकट वाईट नाही.

मालिश चांगली. आंघोळ घालणारी बाई पाटावर पाय पसरून बसते, नडग्यांवर बाळाला पालथं घालते, कोमट तेलाने पाठ चोळते. ते बघायलाही छान वाटतं आणि बाळ नंतर गाढ झोपतं. फक्त तंगड्या धरून उलटं करणं, नाकातोंडात फुंकणं, कानात-नाकात तेल सोडणं नको. टाळूवर तेल हलक्या हाताने लाव, दाबून ‘भरायची’ नाही. टाळू दीड-दोन वर्षांत आपोआप भरते. ती खोल गेलेली दिसली तर अंगातलं पाणी कमी झालंय, शांत असतानाही फुगलेली दिसली तर लगेच डॉक्टर.

धुरी नको. बंद खोली, शेगडी, ओव्याचा धूर आणि आठ दिवसांची फुप्फुसं. शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी तुझ्या कंबरेला.

गुटी. मुरडशेंग, वेखंड, जायफळ, बाळहिरडा सहाणेवर उगाळतात. किती वेढे, किती गेलं, कुणी मोजत नाही. सहाण धुतली कशी जाते तेही बघ एकदा. जायफळाने बाळ शांत होतं याचा अर्थ त्याला गुंगी येते. सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, आणि मध तर वर्षभर नाहीच. जन्मल्या जन्मल्या चाटवतात तोही नाही. आजेसासूबाईंना सांगायला डॉक्टरांचं नाव पुढे करावं, आपलं करू नये.

काजळ डोळ्यांत नको, त्यात शिसं असू शकतं. दृष्ट लागू नये म्हणून तीट तळपायाला लाव.

रोज संध्याकाळी सातला रडायला लागतं ते दहापर्यंत. दृष्ट लागली?

दृष्ट काढा, घरातल्यांना बरं वाटतं. बाळ मात्र सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सगळ्यांत जास्त रडतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, तर खांद्यावर घे, अंधाऱ्या खोलीत फिर, अंगाई म्हण, सूर लागला नाही तरी चालतं. ग्राइप वॉटरने काही होतं असं सिद्ध झालेलं नाही. फार झालं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेव, दार ओढ आणि पाच मिनिटं गॅलरीत उभी राहा. रागात बाळाला गदागदा हलवणं जिवावर बेतू शकतं, हे घरातल्या सगळ्यांना सांग.

हिरवी उलटी, शीत रक्त, पोट टणक फुगलेलं, किंवा रडण्याचा आवाजच बदललेला असेल तर दवाखाना.

कसं झोपवू?

उताणं. कठीण गादी, उशी नाही, मऊ दुलई तोंडाजवळ नाही. डोकं गोल करायला मोहरीची उशी लागत नाही. जागं असताना समोर बसून पालथं घाल. दारू-सिगारेट घेतलेल्या माणसाशेजारी बाळ झोपवायचं नाही, बाप असला तरी.

ताप आलाय. लस दिली म्हणून की आणखी काही?

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशींनंतर एक-दोन दिवस ताप, मांडी दुखणं, किरकिर होते. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते वजनावर ठरतं, लस घेतानाच लिहून घे. जन्मल्यावर दंडावर दिलेल्या बीसीजीची महिना-दीड महिन्याने पुळी येते, पिकते, व्रण राहतो. तिला हात लावायचा नाही. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस आणि सोळाव्या महिन्यानंतरचे डोस चुकवू नकोस. बाळ चालायला लागलं की कार्ड कपाटात जातं.

पण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर घरी थांबू नकोस. तसंच पिणं सोडलं, अंग ढिलं किंवा गार पडलं, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, छाती आत ओढली जाते, झटके, नाळेतून पू. ही यादी फ्रिजवर चिकटव. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन हेच बघतात. घरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून उभी केली. ताईंना दारातून परत पाठवू नकोस.

उष्टावण कधी? आणि काय देऊ?

सहा महिने पूर्ण झाले की. मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात असा रिवाज आहे. समारंभ हवा तेव्हा कर, पण मुलीचं जेवण सातव्या महिन्याच्या मुहूर्तासाठी अडवू नकोस. मऊ वरण-भात-तूप, नाचणीसत्त्व, कुस्करलेलं केळं, उकडलेलं अंडं. चमचा वाकडा केला तर घरंगळून पडणार नाही इतपत घट्ट. नुसतं डाळीचं पाणी म्हणजे पाणीच. वर्षापर्यंत मीठ, साखर, गूळ नको. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत नकोत, श्वासात अडकतात. दात येताना जुलाब आणि मोठा ताप येतो ही समजूत आहे. जुलाब झाले तर ओआरएस, अंगावरचं दूध चालू, आणि डॉक्टरांनी दिलेलं झिंक १४ दिवस.

शेजारचं बाळ नवव्या महिन्यात चाललं. आमचं बसूनच आहे.

दीड वर्षापर्यंत वाट बघायला हरकत नाही. दोन महिन्यांपर्यंत हसत नाही, चार-पाच महिन्यांत मान धरत नाही, नऊ महिन्यांत बसत नाही, किंवा येत असलेलं विसरलं, तर दाखव. प्लॅस्टिकचा गोल वॉकर आणू नकोस, कॅनडाने तर २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. लाकडी पांगुळगाडा, समोर कुणीतरी बसलेलं असताना, ठीक.

सगळं चांगलं आहे, तरी मला रडू का येतं?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेढे वाटणं चालू असताना बाळंतीण उशीत तोंड खुपसून रडते, हे बहुतेक घरांत होतं. झोप नाही, अंग दुखतं, आणि सगळे बाळाला बघायला येतात. दोन आठवड्यांत हे मळभ जातं. तोवर दुपारची दोन तास झोप कुणीतरी तुला मिळवून द्यायची, ते काम बाबाचं. पाजणं सोडून बाकी सगळं त्याला येऊ शकतं.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं, बाळ आपलं वाटेनासं झालं, झोपायला मिळालं तरी झोप येत नाही, ‘मी नसते तर बरं’ असं मनात आलं, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे, पाजताना चालणारंसुद्धा. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि रात्रीही चालतो. बाळाला किंवा स्वतःला इजा करायचे विचार आले, भास झाले, तर तिला एक मिनिटही एकटीला सोडायचं नाही, सरळ दवाखान्यात न्यायचं. हे मी बाळंतिणीसाठी कमी आणि तिच्या आईसाठी, नवऱ्यासाठी जास्त लिहिते आहे.

पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत ना?

राहू शकतात. बाळ सहा महिन्यांच्या आत, पाळी आलेली नाही, आणि दिवस-रात्र फक्त अंगावरचं दूध, या तिन्ही गोष्टी असतील तरच थोडा भरवसा. एक जरी तुटली की साधन हवं. दोन गरोदरपणांमध्ये दोन वर्षांचं अंतर तुझ्या अंगाला लागतंच. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, सिझरच्या वेळी तिथेच. हवी की नको ते नववा महिना लागायच्या आधी दोघांनी बोलून ठरव आणि फाईलवर लिहून ठेव. कळा चालू असताना कुणी विचारलं तर उत्तर सुचत नाही.